मा. सामाजिक न्यायमंत्री, आमच्या धीराला संमती समजू नका

प्रति,
मा. मंत्री महोदय,
सामाजिक न्याय व अधिकारिता मंत्रालय,
भारत सरकार, नवी दिल्ली

सविनय नमस्कार.

मी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातली ख्रिस्ती बाई. आमचे पूर्वज महारवाड्यात आणि मांगवाड्यात राहणारे. मिशनच्या काळात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. गावाने त्यानंतरही त्यांना वेशीबाहेरच ठेवलं. आमची मंडळी लहान आहे, प्रार्थनामंदिर पत्र्याचं आहे आणि रविवारची उपासना टाळ-ढोलकीवर चालते. आपल्या मंत्रालयाच्या दप्तरात आमचा एक विषय, दलित ख्रिस्तींना अनुसूचित जातीचा दर्जा देण्याचा, कित्येक वर्षं भिजत घोंगड्यासारखा पडून आहे. त्याबद्दल हे पत्र.

10 ऑगस्ट 1950 रोजी राष्ट्रपतींनी संविधानाच्या कलम 341 खाली अनुसूचित जातींचा आदेश काढला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात म्हटलं की, हिंदू धर्माहून वेगळा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. महाराष्ट्रात आजही अनुसूचित जातीचा दाखला काढायला गेलं की 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा मागतात. आमच्यातल्या अनेक घरांत तसा पुरावा आहे. आजोबांच्या शाळेच्या निर्गम उताऱ्यावर जात अगदी ठळक लिहिलेली आहे. पण शेजारच्या रकान्यात 'ख्रिस्ती' असलं की जात असूनही नसल्यासारखी होते. देशभरातले दलित ख्रिस्ती दरवर्षी 10 ऑगस्टला काळा दिवस पाळतात, तो याच तारखेमुळे.

ख्रिस्ती माणसाला या यादीबाहेर ठेवण्याची सुरुवात त्याही आधीची आहे. 1936 साली इंग्रज सरकारने अनुसूचित जातींचा आदेश काढला, तेव्हा त्यातही भारतीय ख्रिस्ती माणसाला वगळलंच होतं. साहेबाच्या राज्यात तुमची चंगळ होती, असं आम्हाला ऐकवणाऱ्यांसाठी एवढं सांगून ठेवते.

1950 च्या आदेशाची अट पुढे दोनदा सैल झाली. 1956 मध्ये संसदेने शीख बांधवांना त्यात घेतलं आणि 1990 मध्ये बौद्ध बांधवांना. दोन्ही निर्णय न्याय्य होते. डॉ. बाबासाहेबांनी 1956 साली नागपुरात दीक्षा दिली, आणि त्यांच्या मागून गेलेल्यांना केंद्राची ही मान्यता मिळायला चौतीस वर्षं लागली, याचंच वाईट वाटतं. धर्म बदलला म्हणून गावाने त्यांच्याशी वागणं बदललं नव्हतं, हे तेव्हा संसदेने मान्य केलं. आमच्या बाबतीत गाव वेगळं वागलं असं कुणाला वाटतं का? अनुसूचित जमातींना तर धर्माची अटच नाही. आदिवासी ख्रिस्ती झाला तरी आदिवासीच राहतो. इतर मागासवर्गालाही अशी अट नाही. एवढी एकच यादी आहे, जिथे देवाचं नाव विचारून हक्क ठरतो.

महोदय, आमच्याबद्दल गावात जुना शब्द आहे, 'बाटगे'. पोटासाठी बाटले, गव्हासाठी, दुधाच्या भुकटीसाठी बाटले, हे ऐकत आमच्या पिढ्या वाढल्या. 1876 ते 1878 च्या आणि नंतर शतकाच्या शेवटच्या दुष्काळांत अनेक कुटुंबांनी मिशनची वाट धरली, हे खरंच आहे. उपाशी माणसाला जिथे घास मिळाला आणि ज्याने विटाळ न मानता तो हातावर ठेवला, तिथे त्याचं मन बसलं, यात मला लाजण्यासारखं काही दिसत नाही. पण पुढचा हिशेब कुणीतरी मांडायला हवा. 1950 नंतर शिष्यवृत्ती, वसतिगृह, राखीव जागा, नोकरी, राखीव मतदारसंघ, हे सगळं पलीकडच्या बाजूला होतं. आमच्या बाजूला फक्त उपासना होती. श्रद्धा पोटापुरती असती तर एका पिढीत आम्ही सगळे परत गेलो असतो, आणि परतीची वाटही मोकळी होती. 2015 मध्ये के. पी. मनू यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, ख्रिस्ती झालेल्यांचा वंशज हिंदू धर्मात परतला आणि त्याच्या जातीने त्याला स्वीकारलं, तर अनुसूचित जातीचा दर्जा त्याला परत मिळू शकतो. मग मधल्या काळात ती जात कुठे गेली होती? धर्मांतराच्या कायद्यांत 'आमिष' हा शब्द फार वापरतात. गरिबाला त्याच्या श्रद्धेपासून दूर नेणारं सर्वांत मोठं आमिष कायद्यानेच मांडून ठेवलं आहे, आणि गावोगावची साधी माणसं पंचाहत्तर वर्षं त्याला नाही म्हणत आली आहेत.

सगळ्यांना नाही म्हणणं जमलं असंही नाही, आणि त्यांना दोष द्यायला मी धजत नाही. आमच्याकडे अशी घरं आहेत जिथे माणसाला दोन नावं असतात. शाळेच्या दाखल्यावर एक, मंडळीच्या नोंदवहीत दुसरं. दारावर क्रूस नसतो, भिंतीवर नाताळचा तारा लागत नाही. अशाच एका घरातल्या म्हाताऱ्याच्या मातीला मी गेले होते. आयुष्यभर पहाटे उठून स्तोत्रं म्हणणारा माणूस. मुलगा सरकारी नोकरीत, राखीव जागेवर. पाळक आले तेव्हा मुलाने त्यांना ओसरीच्या कोपऱ्यात नेलं आणि हात जोडून सांगितलं, "साहेब, प्रार्थना आतल्या खोलीत करा, आवाज बाहेर जाऊ देऊ नका." मयताच्या छातीवर ठेवलेलं पवित्र शास्त्र लोक यायच्या आत उचलून कपाटात ठेवलं गेलं. दशक्रियेची पत्रिका छापली, त्यावर श्रीगणेशाचं चित्र. त्या बाईने, म्हणजे म्हाताऱ्याच्या बायकोने, माझा हात धरून विचारलं, "तिकडं वर तरी यांना खऱ्या नावानं हाक मारतील ना गं?" मला उत्तर सुचलं नाही. ज्या देशाच्या संविधानात धर्मस्वातंत्र्य देणारं कलम 25 आहे, तिथे एका बाईला हा प्रश्न पडावा, याचं उत्तर आपण द्यायला हवं, म्हणून तो तसाच आपल्यापुढे ठेवते.

मराठी माणसाला ख्रिस्ती माणसाचा छळ अगदीच अपरिचित नाही. हरिपंत खिस्ती 1839 मध्ये नगरला बाप्तिस्मा घेतात आणि ब्राह्मणवर्गात खळबळ उडते. रेव्हरंड ना. वा. टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती होतात, लक्ष्मीबाई पाच वर्षांनी त्यांच्या मागे जातात आणि मधल्या काळात त्या बाईचं काय झालं, हे शिकल्यासवरल्या घरांत ठाऊक असतं. केडगावच्या पंडिता रमाबाईंवर किती राळ उडाली, तेही ठाऊक असतं. त्यांचं सोसणं मोठं होतं, मी ते कमी लेखत नाही. पण त्याच काळात नगर, जालना भागातल्या वाड्या-वस्त्यांवर शेकडो महार-मांग कुटुंबं ख्रिस्ती झाली, आणि त्यांच्या वाट्याला आलेलं फारसं कुणी लिहून ठेवलं नाही. माझ्या आजेसासू सांगायच्या की, खळ्यावर बलुतं मागायला गेलं की पाटील म्हणायचा, "जा तुझ्या साहेबाकडं." विहीर बंद, बलुतं बंद, आणि येसकराचं काम मात्र चालूच. 'ज्ञानोदय' नगरमध्ये 1842 साली सुरू झालं आणि त्याच पत्रात 1855 मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवेचा निबंध छापून आला. मांग-महारांचं दुःख त्या चौदा वर्षांच्या मुलीने मांडलं आणि आम्हाला धर्मपुस्तक वाचायचाही अधिकार नाही तर आमचा धर्म कोणता, असं विचारलं. तो प्रश्न ज्यांच्या घरात पोचला त्यांतल्या काहींनी आपलं उत्तर शोधलं. त्याची शिक्षा त्यांच्या पणतवंडांना का?

आपले अधिकारी म्हणतील, ख्रिस्ती धर्मात जात नाही. आमच्या धर्मशास्त्रात नाही, हे बरोबर. शीख आणि बौद्ध धर्मातही नाही. पण ती ख्रिस्ती माणसांत आहे, हे आम्ही झाकत नाही. तमिळनाडूत दलित ख्रिस्तींची दफनभूमी वेगळी ठेवल्याची उदाहरणं आहेत. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने 2016 मध्ये दलितांविषयी धोरण जाहीर करताना चर्चमधल्या जातिभेदाची कबुली दिली. या देशातला पहिला दलित कार्डिनल, हैदराबादचे अँथनी पुला, 2022 साली झाला. ख्रिस्ताच्या नावाने चालणाऱ्या घरात एवढा उशीर लागावा, ही आमच्या चर्चच्या पुढाऱ्यांनी मान खाली घालावी अशी गोष्ट आहे, आणि ते मी त्यांनाही सांगत असते. 1985 मध्ये सुसाई नावाच्या माणसाचा खटला सर्वोच्च न्यायालयात चालला. मद्रासच्या रस्त्याकडेला चपला शिवणारा आदिद्रविड ख्रिस्ती. सरकार अनुसूचित जातीच्या चर्मकारांना टपऱ्या वाटत होतं, त्याला ख्रिस्ती म्हणून मिळाली नाही. न्यायालय म्हणालं, नव्या धर्मातही जातीचा जाच तितकाच तीव्र आहे याचा पुरावा आणा. सरकारी आयोगाने पुढे तसाच निष्कर्ष काढला. न्यायमूर्ती रंगनाथ मिश्रा आयोगाने 2007 मध्ये, अनुसूचित जातीचा दर्जा धर्मापासून वेगळा करा, अशी शिफारस केली. सरकारने ती स्वीकारली नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा नवा आयोग नेमला आणि त्याच्या पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की, ख्रिस्ती आणि मुस्लिम समाजात असा जाच झालेलाच नाही. उत्तर आधीच ठरलं होतं, तर आयोगाला वाड्या-वस्त्यांवर कशाला पाठवलं?

राखीव जागांचा प्रश्न नाजूक आहे, हे मला कळतं. आमचे सख्खे चुलतभाऊ बौद्ध आहेत, हिंदू मातंग आहेत. आमच्या येण्याने त्यांच्या ताटातलं कमी होईल ही त्यांची भीती खोटी नाही, कारण ताट मुळातच लहान ठेवलेलं आहे. 1 ऑगस्ट 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जातींत उपवर्गीकरणाची, म्हणजे पोटगटांना वेगळा वाटा ठरवून देण्याची, मुभा राज्यांना दिली आहे. त्यातून, किंवा लोकसंख्येच्या प्रमाणात कोटा वाढवून, कुणाचं न हिरावता वाट काढता येईल असं माझं मत आहे. त्याला वेळ लागेल, तेही मान्य.

पण एक गोष्ट अशी आहे जिच्यात कुणाची एकही जागा कमी होत नाही. 1989 चा अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा. गावात मारहाण होते तेव्हा मारणारा आमचं बाप्तिस्म्याचं प्रमाणपत्र बघत नाही, शिवी जातीवरूनच देतो. पोलीस ठाण्यात मात्र ख्रिस्ती म्हटलं की हे कलम लागत नाही. 2025 मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने एका पाळकाच्या प्रकरणात हेच सांगितलं: ख्रिस्ती झालात, आता या कायद्याचा आधार नाही. 2008 साली ओडिशातल्या कंधमालमध्ये घरं आणि प्रार्थनामंदिरं जळली, हजारो लोक रानात पळाले, जीव गेले. त्यांतले पुष्कळजण पाणो या दलित जातीतले ख्रिस्ती होते. ज्या कायद्याचा जन्मच अशा वेळेसाठी झाला, तो त्यांच्या दारात आला नाही.

आमचे काही धार्मिक पुढारीसुद्धा म्हणतात, ख्रिस्ती माणसाने सोसावं, हक्क मागू नये. मी बायबल वाचते, मला तसं दिसत नाही. रोमकरांस पत्रात पौल सांगतो की संकटाने धीर येतो आणि धीरातून पुढे आशा. पण त्याच पौलाला यरुशलेमेत फटके मारायला बांधलं तेव्हा त्याने शताधिपतीला विचारलं की, रोमी नागरिकाला चौकशीशिवाय फटके मारायचा तुम्हाला अधिकार आहे का. त्याने नागरिकत्व पुढे केलं म्हणून त्याची श्रद्धा कमी झाली नाही. आणि लूकच्या शुभवर्तमानात येशूने एका विधवेची गोष्ट सांगितली आहे. न्यायाधीश कुणाची भीडमुर्वत न बाळगणारा, पण ती पुन्हा पुन्हा त्याच्याकडे जाते, माझा न्याय कर म्हणते, आणि शेवटी त्याला न्याय करावा लागतो. दर सप्टेंबरमध्ये हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, यात्रेला पायी जाणाऱ्या बायका मी पाहते. उन्हातान्हात, डोक्यावर बोचकं, कडेवर पोर. त्यांना चालायची सवय आहे, त्या थकून घरी बसतील अशी आशा कुणी धरू नये.

म्हणून, महोदय, मागणी अशी आहे. बालकृष्णन आयोगाचा अहवाल संसदेच्या पटलावर ठेवावा आणि तो मराठीसह सर्व भाषांत लोकांना वाचायला मिळावा. सर्वोच्च न्यायालयात 2004 पासून पडून असलेल्या याचिकेत सरकारने 2022 ची भूमिका बदलून नवं उत्तर दाखल करावं. आणि कोट्याचा निर्णय होईपर्यंत थांबू नये, अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं संरक्षण जन्माने दलित असलेल्या प्रत्येकाला, त्याचा धर्म न विचारता, मिळेल अशी दुरुस्ती येत्या अधिवेशनात आणावी. ती आणणार की नाही, एवढं तरी आम्हाला लेखी कळवावं.

आपली,
अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका मंडळीची सभासद