निळ्या शर्टाचं काय झालं

नौपाडा, ठाणे
रविवार

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

आधी वाईट बातमी सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचशील. तुझा निळ्या रेघांचा शर्ट मी कापला. हो, तोच. बंगळुरूला जाताना 'आई, टाकू नकोस, बारीक झालो की घालीन' म्हणून कपाटात ठेवून गेलास तो. फक्त पाठ कापली आहे. कॉलर, बाह्या, खिसा सगळं शाबूत आहे, त्याचं काय करायचं ते तू ठरव.

आमचं चौघींचं गोधडीचं चॅलेंज चालू आहे, हे तुला माहीत आहेच. दर दोन महिन्यांनी चिठ्ठी काढायची, निघेल त्या विषयावर बारा इंची चौकोन शिवायचा आणि ठरल्या दिवशी चौघींनी एकदमच उलगडायचा. तोवर कुणी कुणाला दाखवायचं नाही. कापड घरातलंच हवं. शिवाय बँकेतल्या मावशींच्या जुन्या पडद्याचं ते शेवाळी, फुलाफुलांचं कापड आहे ना, त्याचा तुकडा प्रत्येकीने दिसेल असा लावायचाच. त्या कापडाला आम्ही 'जावई' म्हणतो. आवडो न आवडो, पाटावर बसवावाच लागतो.

मागचा विषय 'खाडी' होता. वरच्या काकूंनी फ्लेमिंगो केले, त्यातला एक काकांच्या जुन्या पँटचा, राखाडी. मी म्हटलं, हा काय आजारी आहे? तर म्हणाल्या, पिल्लू आहे. पिल्लं राखाडीच असतात, गुलाबी रंग पुढे खाण्यातून येतो. मी इतकी वर्षं ठाण्यात राहते, मला ठाऊक नव्हतं.

या वेळी चिठ्ठीत निघालं 'पहिली गाडी'. मला वाटलं, हा तर आपला हक्काचा विषय! १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, चौदा डबे, ओढायला साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं. म्हणजे सतरा तुकडे. एका ओळीत मावेनात, म्हणून गाडी नागमोडी नेली. प्रत्येक तुकड्याला शिवणीसाठी चारी बाजूंनी पाव इंच माया ठेवता ठेवता डोळे गेले. मग वाटलं, खाली खाडी हवी. तुझ्या शर्टाच्या रेघा अगदी लाटांसारख्या. त्या तिरप्या दिसाव्यात म्हणून कापड उरेब कापलं, तेच चुकलं. उरेब कापड ताणलं जातं. खाडीला फुगवटा आला, तो दाबायला धावदोरा दाट घातला आणि बारा इंचांचा चौकोन सव्वाअकरा भरला.

काल वरच्या काकूंकडे उलगडले. काका रेल्वेतून रिटायर झालेत, माहीत आहे ना. चहा पिता पिता माझ्या चौकोनाकडे बघत म्हणाले, "वहिनी, ही गाडी कल्याणला चालली आहे का?" पहिली गाडी ठाण्यापर्यंतच आली होती. खाडी ओलांडून कल्याणला गाडी गेली ती १८५४ साली. म्हणजे तुझा शर्ट उगीचच गेला. त्यात बँकेतल्या मावशींनी डबे मोजले. तेरा!

त्यांनी स्वतः व्हिडिओ बघून अमेरिकेतली लॉग केबिन केली होती. मधोमध लाल चौकोन, भोवती ओंडक्यांसारख्या पट्ट्या. तो लाल चौकोन म्हणजे घरातली चूल, असं तिकडे मानतात. मावशींनी तिची इंजिनाची भट्टी केली. हुशार बाई.

पण खरं सांगू, बाजी मारली साताऱ्याच्या मावशींनी. त्यांच्या चौकोनात इंजिनही नाही आणि रूळही नाहीत. जुन्या परकराचं काळं कापड, त्यावर एका बाजूला नखाएवढी पिवळी खिडकी आणि खिडकीत जावयाच्या कापडाचा पदर डोक्यावरून घेतलेली बाई, मान कलती, झोपलेली. पहाटेची पहिली लोकल. अकरा वर्षं त्यांनी तीच पकडली, डबा भरून. तोंड नाही, डोळे नाहीत, नुसता पदर. पण मानेखाली पांढऱ्या दोऱ्याचे चार टाके घातले होते, तिथे ती बाई डुलकी घेताना कळत होती. मी १८५३मध्ये डबे मोजत बसले आणि ह्यांनी बघ काय केलं. त्या कापडाला नावं ठेवायची नाहीत असं कालपासून ठरलं आहे.

एक काम कर. तुमच्या कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडे सिद्दी समाजाच्या बायका कवंदी, म्हणजे त्यांच्याकडची गोधडी, शिवतात. कडेपासून सुरुवात करून आत आत शिवत मध्यापर्यंत येतात आणि चारी कोपऱ्यांना घडीचे छोटे 'फुला' लावतात, नाहीतर कवंदी उघडी राहते असं मानतात. त्या बाजूला गेलास तर कोपऱ्याचा जवळून फोटो काढ. चेहऱ्यांचे नकोत, कोपऱ्याचा हवा.

तुझी तब्येत, जेवण, बाकी फोनवर बोलूच.

पुढचा विषय 'कुलूप' निघाला आहे. तुझी गुडघ्यावर फाटलेली जीन्स माझ्या डोळ्यांसमोर आहे. खिसे तपासले, एक वीस रुपयांची नोट निघाली, ती फ्रिजवर ठेवली आहे. बुधवारपर्यंत नाही म्हणाला नाहीस तर मी हो समजेन.

तुझी,
आई