खोलीपुरता आवाज

निपाणी

चि. प्राजक्ता हिस अनेक आशीर्वाद.

कॉम्प्युटरला कोणता स्पीकर घेऊ, असं तू विचारलंस तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं, धड बोलता आलं नाही. आणि फोनवर सांगितलेलं तू 'हूं हूं' करून सोडतेस, म्हणून लिहितोय. सुन्या बेळगावला येतोय, त्याच्याजवळ लिफाफा देतो.

खडेबाजारात तुला दाखवला तो '३००० वॉट'चा बूफरवाला (म्हणजे खालच्या जाड आवाजासाठी वेगळा मोठा डबा असलेला) सेट घेऊ नकोस. तीन हजार वॉटचा साउंड मी लग्नाच्या मंडपाला लावतो, त्याला टेम्पो लागतो. खोक्यावरचा तो आकडा पीएमपीओचा, क्षणभराच्या उसळीचा. तो मोजायची ठरलेली रीतच नाही, ज्याला जो वाटेल तो छापतो. आपण विचारायचं, आरएमएस किती, म्हणजे सतत चालेल अशी खरी ताकद किती? दुकानदार छताकडे बघायला लागला तर अ‍ॅडॉप्टर उलटा करून वाच. १२ व्होल्ट, १ अँपिअर लिहिलं असेल तर आत जातायत १२ वॉट. बाहेर तीन हजार येणार कुठून? यूएसबीवर चालणाऱ्यांचाही हाच हिशोब: साध्या २.० पोर्टातून ५ व्होल्टला ५०० मिलीअँपिअर, म्हणजे अडीच वॉट, ३.० च्या पोर्टातून ९०० मिलीअँपिअर, म्हणजे साडेचार.

साडेचार वॉट ऐकून तोंड वाकडं करू नकोस. तू टेबलाशी बसणार, स्पीकर कानापासून दोन-अडीच फुटांवर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं पडतो, म्हणजे जवळ बसणाऱ्याला वॉट फुकटच मिळाले. उलट वॉट दुप्पट केले तरी वाढ फक्त ३ डेसिबलची. पाचाचे दहा वॉट झालेले कानाला जेमतेम कळतात, खिशाला चांगलेच कळतात.

बूफर नकोच. तुझं टेबल कोपऱ्यात, आणि कोपऱ्यात बूफर ठेवला की बास फुगतो, गाणाऱ्याचा शब्द त्यात बुडतो. खालचा आवाज स्लॅबमधून आरपार जातो ते वेगळंच. मालकीणबाई दोन दिवस ऐकून घेतील, तिसऱ्या दिवशी 'सौंड कडिमी माडव्वा', आवाज कमी कर गं, म्हणत जिना चढतील. वस्तीत रात्री १० नंतरची मर्यादा ४५ डेसिबलची आहे. गणपतीत काम करणाऱ्या आम्हा साउंडवाल्यांना हा आकडा झोपेतसुद्धा पाठ असतो.

तेव्हा नुसते दोन डबे घे. क्रिएटिव्हचा पेबल बघ. आतला कोन, म्हणजे आवाज काढणारा थरथरता पडदा, दोन इंची, तोंड ४५ अंशात वर वळवलेलं, त्यामुळे टेबलावर ठेवूनही आवाज थेट कानाकडे येतो. कंपनी ४.४ वॉट आरएमएस सांगते, फुशारकी नाही. एडिफायरचा आर१२८०टी मलाही आवडतो, चार इंची कोन, ४२ वॉट; पण तो तुझ्या अडीच हजारात बसत नाही आणि टेबलावर मग वहीला जागा उरत नाही. एक मात्र आधीच सांगतो, दोन इंची कोनातून तबल्याच्या बायाँची, म्हणजे डग्ग्याची, घिस पातळच येणार. जो स्पीकर एवढ्याशा डब्यातून धमधम करून दाखवतो, तो मधला आवाज बिघडवून करतो.

ऐकून बघितल्याशिवाय घेऊ नकोस. दुकानदार त्याचं ठरलेलं धडाकेबाज गाणं लावेल, ते बंद करायला सांग. तुझ्या मोबाइलवरचं कुमार गंधर्वांचं काहीही लाव. आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीचा माणूस, आणि तंबोरे लावण्यात किती काटेकोर! आवाज अगदी बारीक कर. तंबोऱ्याच्या तारा वेगवेगळ्या कळतायत का? की नुसती एक भुणभुण? बारीक आवाजात एका बाजूचा स्पीकर मुका पडत असेल तर आवाजाचं बटण हलकं आहे. मग गाणं थांबव आणि कान डब्याला लाव. थोडी सुरसुर चालेल, पण हात लांब केल्यावरही ऐकू आली तर नको.

ब्लूटूथच्या नादाला लागू नकोस, व्हिडिओत ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो. वायर बरी. आणि स्पीकरला वेगळा अ‍ॅडॉप्टर असला तर तो नि कॉम्प्युटर एकाच बोर्डावर लाव, नाहीतर कधीकधी घूं असा आवाज धरतो.

मांडणी सोपी. स्क्रीनच्या दोन बाजूंना एकेक, दोघांमधलं अंतर आणि तुझ्या डोक्यापर्यंतचं अंतर साधारण सारखं. मागे भोक असेल तर भिंतीपासून वीतभर पुढे. तुझं टेबल पत्र्याचं आहे, ते थरथरणार. जुना माउसपॅड कापून खाली घाल.

पैसे सकाळीच पाठवलेत. बिलावर दुकानाचा शिक्का मारून घे, वॉरंटीला पुढे तोच मागतात. साडेतीन मिलिमीटरची एक लांब वायर इथे पडून होती, ती सुन्याच्या पिशवीत टाकली आहे. ती विकत घेऊ नकोस.

तुझे आप्पा