जेटच्या शेपटीला वारा मिळत नाही

विटा
रविवार, 16 नोव्हेंबर 2025

प्रिय बंड्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "विमानाचा पंखा नाकावर असला काय आणि पोटात असला काय, फरक तो कितीसा?" आणि तेवढ्यात तुझी रेंज गेली. तेव्हापासून तो प्रश्न डोक्यातून जात नाही. आज सकाळी माझ्या रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल जेटचं नववं उड्डाण झालं आणि मनासारखं उतरलं. घरी आलो, हातपाय धुतले आणि लिहायलाच बसलो.

विमान घरी कसं आलं ते तुला माहीत आहे. पुण्यातल्या एका काकांनी छंद आवरता घेतला, त्यांच्याकडचं हे. 70 मिलिमीटरचा फॅन, बारा पाती, फोमचं अंग, खऱ्या हॉक जेटच्या वळणाचं. पण मॅन्युअल हरवलेलं होतं. सीजी, म्हणजे विमानाचा गुरुत्वमध्य, कुठे धरायचा हे कुठेच लिहिलेलं नाही म्हणून सहा महिने ते माळ्यावर पडून राहिलं. अंदाजपंचे जेट उडवायला माझं मन धजेना.

शेवटी एका रात्री मोजपट्टी घेऊन बसलो. पंखाची रुंदी मुळाशी 260 मिलिमीटर, टोकाशी 130, एका बाजूची लांबी 480. पंख मागे झुकलेला, टोकाची पुढची कड मुळापेक्षा 150 मिलिमीटर मागे. यावरून पंखाची सरासरी वायुगतिक रुंदी (नुसती सरासरी नव्हे, तोलासाठी धरतात ती) आली 202, आणि तेवढी रुंदी सापडते मुळापासून 213 मिलिमीटरवर. तिथे पंख 67 मिलिमीटर मागे गेलेला असतो. त्यात 202 चा पाव हिस्सा मिळवला की झाले साधारण 117. म्हणजे मुळाशी पंख जिथे सुरू होतो तिथून 117 मिलिमीटर मागे. आपल्या जुन्या ट्रेनरच्या, म्हणजे शिकाऊ विमानाच्या, सवयीने मुळाच्या रुंदीचा पाव हिस्सा धरला असता तर 65 आले असते. नाक इतकं जड झालं असतं की विमानाने जमीनच सोडली नसती. तुझ्या जेटचाही पंख झुकलेला आहे, म्हणून एवढं फोडून लिहिलं. पहिल्या उड्डाणाला मी 112 धरला. थोडं नाकजड चालतं, एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची फळी) जरा जास्त ओढावा लागतो एवढंच.

पंख पोटाखालून आहे, म्हणून तोल विमान उलटं धरून पाहायचा, आणि चाकं उतरताना असतात तशी बाहेर काढून. चिऊने एका बाजूला बोट लावलं, मी दुसऱ्या. "बाबा, नाक खाली चाललंय," असं ती म्हणाली की मी बॅटरी बोटभर मागे सरकवायचो. पाचव्या वेळी विमान आमच्या दोन बोटांवर ताटासारखं आडवं राहिलं. चिऊने श्वास रोखून धरला होता. बॅटरीच्या खोबणीत तिनेच लाल मार्करने रेघ मारली. आजही बॅटरी त्या रेघेला टेकवल्याशिवाय मी झाकण लावत नाही.

आता विजेचं. सहा सेलची 4000 एमएएचची लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी, पूर्ण भरली की 25.2 व्होल्ट. विमानाचं नाक भिंतीकडे करून शेपटीला दोरी बांधली, दोरी सामान तोलायच्या काट्याला आणि काटा खिडकीच्या गजाला. मध्ये वॉटमीटर. पूर्ण थ्रॉटलला 62 अँपिअर, भाराखाली 21.9 व्होल्ट, म्हणजे जवळपास साडेतेराशे वॅट. काट्यावर जोर 2.1 किलो. विमानाचं बॅटरीसकट वजन 2.25 किलो. चांगला आकडा आहे. तीच चाचणी माझ्या दोन वर्षं जुन्या बॅटरीवर केली तर व्होल्टेज 20 च्या खाली आलं आणि जोर 1.8 किलोच भरला. दोन्ही बॅटऱ्यांवरचं लेबल सारखंच आहे! तेव्हा जेटला बॅटरी लावण्याआधी काट्यावर तपास, आणि जरा फुगलेली दिसली तर सरळ बाजूला ठेव.

हिशोब असा होतो की पूर्ण थ्रॉटल धरून ठेवलं तर चार मिनिटांच्या आत बॅटरी तळाला जाईल. म्हणून टायमर तीन मिनिटांचा. तीन मिनिटांत थ्रॉटल कमीजास्त करत उडवून, एखादी फेरी मारून उतरलं की प्रत्येक सेल 3.78 व्होल्टच्या आसपास राहतो. तुझ्या ट्रेनरची बारा-पंधरा मिनिटं डोक्यातून काढून टाक.

आणि आता तुझा प्रश्न. ट्रेनरचा पंखा नाकावर असतो. थ्रॉटल दिलास की त्याचा झोत पंखाच्या मुळावरून, अंगावरून वाहत थेट शेपटीवर आदळतो. म्हणून विमान जवळपास थांबलेलं असलं तरी एलिव्हेटर आणि रडर (डावी-उजवीकडे वळवणारी उभी फळी) ऐकतात. आठवतं ना, आपण गवतावर ट्रेनर जागच्या जागी वळवायचो, नुसता थ्रॉटलचा झटका देऊन? जेटमध्ये फॅन पोटात असतो. हवा बाजूच्या तोंडांतून आत जाते, नळीतून वाहते आणि शेपटीच्या टोकातून मागे निघून जाते. एलिव्हेटरवर तिची फुंकरसुद्धा येत नाही. शेपटीला वारा मिळतो तो फक्त विमानाच्या स्वतःच्या वेगाचा. वेग नाही तर शेपूट नाही. शिवाय फॅन छोटा, मिनिटाला 30 हजारांच्या वर फिरणारा. खालच्या थ्रॉटलवरून वर यायला त्याला वेळ लागतो, आणि आल्यावरही जड विमान सावकाश वेग धरतं. माझ्या सगळ्या चुका आणि सगळी दुरुस्ती या एका गोष्टीभोवती फिरली.

पहिल्या दिवशी विमान उठलंच नाही. गावाबाहेर एनए प्लॉटचा एक लेआउट आहे, 40 फुटी डांबरी रस्ता पडलाय पण घर एकही नाही. मालकांना विचारून तिथे उडवतो. दोन वेळा अख्खा रस्ता धावलो, एलिव्हेटर पूर्ण ओढलेला, नाक चिकटलेलंच. घरी येऊन विमान फरशीवर ठेवलं आणि बाजूने डोळा लावून पाहिलं. उभं असताना नाक किंचित खाली होतं. ट्रेनरला हे चाललं असतं, झोताने शेपूट दाबली गेली असती. इथे वाऱ्याशिवाय शेपटीने एवढं नाक उचलायचं कसं? पुढच्या चाकाचा पाय 8 मिलिमीटर लांब केला. उभं असतानाच नाक किंचित वर आलं. पुढच्या रविवारी रस्त्याच्या मध्यावर विमान आपोआप हलकं झालं आणि निघालं.

तिसऱ्या उड्डाणात जे झालं ते मी तुला फोनवर नीट सांगितलं नव्हतं. उतरताना मला विमान दूर पडेलसं वाटलं, म्हणून ट्रेनरसारखं नाक वर धरून वेग कमी केला. बरोबर रस्त्यावर आलो, पण फार हळू. उजवा पंख कलला. मी थ्रॉटल दिलं. आवाज चढला, पण विमानाने काही ऐकलं नाही. पाचेक फुटांवरून ते आडवंच पडलं. पुढच्या चाकाचा पाय वाकला, हवेच्या तोंडापाशी फोमला वीतभर चीर गेली. चिऊ सोबत होती. ती काही बोलली नाही, धावत जाऊन तिने आधी बॅटरी काढली. तिला मी तेवढं शिकवलं होतं.

त्या रात्री चिरेत गोंद भरताना ठरवलं, उतरण्याचा निर्णय शेवटच्या वळणावरच घ्यायचा. वळण संपून रस्त्याच्या रेषेत येताना विमान नीट नसेल तर तिथूनच थ्रॉटल देऊन वर जायचं, रस्त्याजवळ येईपर्यंत थांबायचं नाही. आणि थ्रॉटल कधी शून्यावर आणायचं नाही. चाकं टेकेपर्यंत फॅन तिसऱ्या हिश्श्यावर गुणगुणत राहू दे, म्हणजे मागितलं तर लगेच देईल. फ्लॅप्स (पंखाच्या मागच्या कडेच्या झुकत्या फळ्या) पूर्ण खाली घेतले की माझं विमान नाक वर काढतं, त्याला 3 मिलिमीटर डाउन एलिव्हेटरचं मिक्स दिलंय. एक्स्पो (रिमोटची काडी मध्याजवळ असताना फळ्या कमी हलवणारी सेटिंग) 30 टक्के. जायरो (आपोआप तोल सावरणारं उपकरण) लावलायस असं म्हणालास, तर उडवण्याआधी विमान हातात धरून उजवा पंख खाली कलव. उजवा एलेरॉन (पंखाच्या टोकाकडची हलती फळी) खाली गेला पाहिजे. शेपूट उचल, एलिव्हेटर वर गेला पाहिजे. उलटं दिसलं तर त्या दिवशी उडवायचं नाही.

तू उडवणार त्या सड्याबद्दल, म्हणजे कातळाच्या माळाबद्दल, मात्र मला काळजी वाटते. जांभ्याचे बारीक खडे तिथे सगळीकडे असतात, आणि जेटचं तोंड पुढच्या चाकाच्या मागेच असतं. चाकाने उडवलेला खडा फॅन गिळतो. माझ्या रस्त्यावरही एकदा असं झालं. धावता धावता "खट्" असा आवाज आला, मग सगळं अंग थरथरायला लागलं. लगेच थ्रॉटल काढलं. एका पात्याची कड नखाएवढी उडाली होती. त्या वेगाने फिरणाऱ्या रोटरला तेवढंही जड-हलकं चालत नाही. नवीन रोटर घातला, टेपचे बारीक तुकडे आतून चिकटवत तासभर तोल साधला, तेव्हा कुठे थरथर गेली. आता उडवायच्या आधी मी आणि चिऊ खराटा घेऊन अख्खा रस्ता झाडतो. सडा तू कितीही झाडलास तरी तो खडे देतच राहणार. सिमेंटचा किंवा डांबरी तुकडा शोध. आणि डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलचा नकाशा आधी बघ. हिरव्या पट्ट्यात 400 फुटांपर्यंत मोकळीक असते, पण विमानतळाच्या कुंपणापासून 8 ते 12 किलोमीटरमध्ये ती 200 फुटांवर येते, आणि त्याहून जवळ परवानगी लागते. रत्नागिरीत विमानतळ आहे, म्हणून सांगतो.

आजचं उड्डाण ऐक. सातला पोचलो. थंडी होती, म्हणून बॅटरी गाडीत शालीत गुंडाळून ठेवली होती. गार लायपो जोर देत नाही. रेंज टेस्ट झाली, रिमोट बंद करून फॅन थांबतो का तेही पाहिलं. मग वाऱ्याच्या तोंडावर, अर्धे फ्लॅप्स, थ्रॉटल हळूहळू पूर्ण. रस्त्याच्या मध्यावर चाकं सुटली. पाय आत घेतले आणि विमान एकदम सरळ, स्वच्छ दिसायला लागलं. उसाच्या फडावरून मोठं वळण घेऊन परत आलं, माझ्यासमोरून खालून गेलं. आधी शीळ, मग शेपटीकडून येणारा तो भरीव आवाज, आणि दोन्हींच्या मध्ये क्षणभर शांतता. बंड्या, शाळेच्या गच्चीवरून पुठ्ठ्याची विमानं सोडायचो तेव्हा आपण तोंडाने जो आवाज काढायचो, तोच होता तो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

चिऊ टायमर वाचत होती. "बाबा, दोन चाळीस." शेवटच्या वळणावर विमान जरा उंच होतं. मी एकदा पाहिलं आणि लगेच थ्रॉटल दिलं, वर गेलो, पुन्हा फेरी मारली. दुसऱ्या वेळी रेषेत, फॅन गुणगुणत, मागची दोन चाकं आधी टेकली, मग नाक. सेल 3.76.

नाताळच्या सुट्टीत ये. तुझं जेट आणि दोन्ही बॅटऱ्या आण, बॅटऱ्या सेलमागे 3.8 व्होल्टवर उतरवून आण, भरून प्रवास करू नको. वॉटमीटर आणि काटा माझ्याकडे आहे, आधी खिडकीच्या गजाला बांधून बघू. तुझी ती मोठी सोल्डरिंग गन आठवणीने घे. तुझ्या कनेक्टरची वायर 10 गेजची आहे, माझ्या छोट्या गनने ती तापत नाही.

वहिनींना नमस्कार. चिऊने खराट्याचं काम तुझ्यासाठी राखून ठेवलंय.

तुझा,
सुऱ्या