बारकोडमधले ६६६ आणि खरवडलेली तारीख

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्याच्या सुरुवातीला आमच्या मावशींकडे गेले होते. मावशी म्हणजे माझ्या सासूबाईंची धाकटी बहीण, वय ७८. ओटीवर बसून त्या ब्लेडने रक्तदाबाच्या गोळ्यांचं खोकं खरवडत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "सैतानाचा आकडा आहे गं, तो घरात नको." मोबाइलवर कुणीतरी व्हिडिओ पाठवला होता. प्रत्येक बारकोडच्या सुरुवातीला, मधे आणि शेवटी ज्या दोन-दोन लांब रेघा असतात त्या म्हणजे ६, ६ आणि ६, असं त्यात ठणकावून सांगितलं होतं. मावशींनी बारकोड खरवडला, आणि त्याच्या शेजारी छापलेली गोळ्यांची मुदतही त्याबरोबर गेली. कपाटातली आणखी चार खोकी तशीच निघाली. कुठली गोळी कधीपर्यंत घ्यायची, सांगायला काही उरलं नव्हतं.

मी वसईची कॅथलिक आहे आणि ३४ वर्षं शाळेत गणित शिकवलं. हे पत्र त्या दोन्ही नात्यांनी लिहिते आहे.

मावशींच्याच घरातलं भिंग आणि बिस्किटाचा पुडा घेऊन आम्ही बसलो. बारकोडमधला प्रत्येक आकडा सात सारख्या घरांचा असतो, काही घरं काळी, काही पांढरी. उजव्या अर्ध्या भागातला ६ असा असतो: काळं, पांढरं, काळं आणि पुढे चार घरं पांढरी. दोन्ही टोकांच्या लांब रेघा मात्र तीनच घरांच्या, काळं, पांढरं, काळं, तिथे संपलं. मधली खूण पाच घरांची. वाचणाऱ्या यंत्राला 'इथे सुरू, इथे अर्धं, इथे संपलं' एवढंच त्या सांगतात, आकडा सांगत नाहीत. डोळा दोन बारीक रेघा पाहतो आणि पुढची मोकळी जागा मोजत नाही, म्हणून त्याला तिथे ६ दिसतो. हा निव्वळ दृष्टिभ्रम आहे. मावशींनी भिंगातून स्वतः घरं मोजली, दोनदा मोजली.

आता ६६६ बद्दल. बायबलचं शेवटचं पुस्तक 'प्रकटीकरण' ६६६ हा श्वापदाचा आकडा सांगतं, म्हणून लोक त्याला सैतानाचा म्हणतात. पण त्याच्याच १३व्या अध्यायातलं १८वं वचन, ज्याला बुद्धी आहे त्याने या संख्येचा हिशेब करावा, असं सांगतं. घाबरावं असं तिथे लिहिलेलं नाही. हिब्रूत अक्षरांनाच अंकांची किंमत असते. आपल्या जुन्या शिलालेखांत वेद म्हणजे ४, बाण म्हणजे ५ असं धरून शक सांगतात, त्याच्या जवळपासची ही रीत. 'नेरोन केसर', म्हणजे नीरो बादशहा, असं हिब्रूत लिहिलं की ५०, २००, ६, ५० आणि १००, ६०, २००, बेरीज ६६६. शेवटचा 'न' गाळून 'नेरो' लिहिलं तर ६१६, आणि प्रकटीकरणाच्या काही प्राचीन प्रतींत खरोखरच ६१६ आहे. म्हणून अनेक अभ्यासक तो आकडा ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या नीरो बादशहाचा मानतात. मला हे पटतं. ज्यांच्यावर तलवार टांगलेली होती त्यांनी बादशहाचं नाव असं आकड्यात झाकून लिहिलं. आपण त्याला औषधाच्या खोक्यावर शोधत बसलोय.

दुसरा एक निरोप दर वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळात फिरतो. काळ्यापांढऱ्या डागांच्या चित्रातल्या चार ठिपक्यांकडे ३० सेकंद टक लावून बघा, मग भिंतीकडे बघा, प्रभू येशूचं दर्शन होईल. होतं, चेहरा दिसतो खराच. चित्रातला पांढरा भाग बघून बघून दृष्टिपटलाचा तेवढाच भाग थकतो, मग भिंतीवर तिथे काळं दिसतं आणि काळ्याच्या जागी उजळ. मी वर्गात काळ्या कार्डपेपरवर पांढऱ्या कागदाचा ताड चिकटवून हेच केलं होतं. चाळीस मुलांना भिंतीवर काळा ताड दिसला. देवाने दिलेला डोळा कसा चालतो, हे बघून मला तरी आनंदच झाला. पण याला चमत्कार म्हणून पुढे पाठवणं मला मान्य नाही. उद्या त्याच मुलाला खरं कारण कळलं की ते आपल्या बाकीच्या सांगण्यावरही शंका घेईल.

भ्रमाशी आपल्या धर्माचं वैर आहे, असं मात्र कुणी समजू नये. पॅरिशच्या, म्हणजे आमच्या धर्मग्रामाच्या, यात्रेबरोबर रोमला गेले होते तेव्हा संत इग्नेशियसचं चर्च पाहिलं. तिथे घुमट बांधायचा राहून गेला होता. येशूसंघ (जेझुइट) या धर्मसंघातले ब्रदर आंद्रेआ पोत्सो यांनी १६८५ साली सपाट कापडावर घुमट रंगवला आणि तो छताला बसवला. ख्रिस्तपुराण लिहिणारे आपले फादर स्टीफन्स याच संघाचे. फरशीवर एक गोल तबकडी बसवलेली आहे. तिच्यावर उभं राहून वर पाहिलं तर खांब, खिडक्या, आत झिरपणारा उजेड, पोकळी वर वर जाते आहे. माझ्या अंगावर काटा आला. मग पावलं मोजत वेदीकडे गेले तर तोच घुमट तिरपा होत होत एका बाजूला कलला. परत तबकडीवर आले, घुमट सरळ. फसवायचं असतं तर पोत्सोंच्या चर्चमध्ये ती तबकडी नसती. कुठे उभं राहायचं ते सांगितलेलं आहे, आणि तिथून हलायलाही कुणी अडवत नाही.

आकड्यांचंही असंच. योहानाच्या शुभवर्तमानात (२१:११) येशूच्या शिष्याने, पेत्राने, जाळं ओढलं तेव्हा १५३ मोठे मासे निघाले. संत ऑगस्टीन म्हणतात, दहा आज्ञा आणि पवित्र आत्म्याची सात दानं मिळून १७, आणि १ पासून १७ पर्यंतची बेरीज १५३. आम्ही वर्गात चिंचोके मांडले होते, पहिल्या ओळीत एक, दुसरीत दोन, सतराव्या ओळीला नेमका त्रिकोण पुरा झाला आणि चिंचोके १५३. १५३ मधल्या तिन्ही अंकांचे घन घ्या, १ अधिक १२५ अधिक २७, परत १५३. पंधरा रहस्यांची जुनी पूर्ण रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणा, दीडशे 'नमो मरिया' आणि सुरुवातीच्या तीन, पुन्हा १५३. मावशी लग्नाआधीपासून जपमाळ ओढतात, त्यांना हे ठाऊक नव्हतं. ऐकून त्यांनी जपमाळेवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "पण मासे मोजले ते वाट्यासाठी गं. नाखवा मोजल्याशिवाय होडीवरून उतरतो का?" त्यांचे यजमान चाळीस वर्षं दर्यावर जात होते. ऑगस्टीनचा अर्थ मला प्रिय आहे, मावशींचा त्याहून जवळचा वाटतो. दोघांचाही हिशेब उघड्यावर मांडलेला आहे, कुणीही पडताळून पाहावा.

संपादकमहाशय, माझी विनंती एवढीच. आपल्या अंकात एक बारकोड मोठा करून छापा, त्यात ६ कुठला आणि टोकाच्या खुणा कुठल्या ते दाखवा, म्हणजे तो कागद घराघरांत भिंगाशिवाय वाचता येईल. पॅरिशमधल्या धर्मशिक्षणाच्या वर्गांनीही एक रविवार यासाठी द्यावा, चिंचोके मी आणून देईन. आणि ज्यांनी औषधांची खोकी खरवडली आहेत त्यांनी गोळ्यांच्या पट्टीवर तारीख शोधावी, तिथेही दिसत नसेल तर ती औषधं घेऊ नयेत, डॉक्टरांना किंवा औषधाच्या दुकानात विचारून नवी आणावीत. मावशींच्या पाच खोक्यांपैकी दोन आम्हाला टाकून द्यावी लागली.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका, वसई