तळेगावला काय न्यायचं

ठाणे

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर पलंगाचा विषय निघाला की आईचा आवाज भरून येतो आणि बाबा दुसरंच काहीतरी बोलायला लागतात. म्हणून हे लिहून पाठवते आहे. सावकाश वाचा, दोघांनी मिळून वाचा. जे पटणार नाही त्यावर पेन्सिलीने काट मारा. मी त्यावर पुन्हा वाद घालणार नाही.

सांगलीचं घर सोडायचं हे तुम्ही दोघांनी ठरवलंत, जागाही तुम्हीच पसंत केलीत. २०१९च्या ऑगस्टमध्ये तुम्हाला गावभागातून बोटीने बाहेर काढावं लागलं आणि २०२१च्या जुलैत पुन्हा तेच. तेव्हापासून पावसाळा लागला की बाबा सकाळी उठल्या उठल्या आयर्विन पुलाजवळची पातळी आणि कोयनेचा विसर्ग बघतात. सगळा जन्म पाटबंधारे खात्यात काढलेल्या माणसाने म्हातारपणी पाण्याच्याच धास्तीत झोपावं, हे मला बघवत नव्हतं. तळेगावला ज्येष्ठांच्या त्या वसाहतीत राहायला जायचं तुम्ही ठरवलंत, त्या दिवशी मला किती हलकं वाटलं ते तेव्हा सांगता आलं नाही. आता प्रश्न एवढाच उरलाय की माडीपासून परसापर्यंत भरलेल्या घरातलं काय त्या दोन खोल्यांत न्यायचं.

दादाचं म्हणणं, काहीच नेऊ नका, सगळं नवीन घेऊ, एका दिवसात माणसं येऊन जोडून देतात. तो मायेनेच म्हणतोय, खर्चही तोच करणार आहे. तरी मला ते पटत नाही, आणि त्यात माझ्या कामाचा भाग जास्त आहे. माझ्याकडे फिजिओथेरपीला येणाऱ्या वयस्कर माणसांत रात्री बाथरूमला उठताना पडलेली माणसं फार असतात. अर्धवट झोपेत माणूस डोळ्यांनी चालत नाही, सवयीने चालतो. उठल्यावर हात कुठे टेकायचा, टेबलाचा कोपरा कुठे येतो, हे अंगाला माहीत असतं. जागा नवीन, भिंती नव्या, दिव्याची बटणं नवी, आणि वर हाताखाली येणारी प्रत्येक वस्तूही नवी, असं मला तुमच्या बाबतीत नको आहे. म्हणून माझं सांगणं हे की ज्या वस्तूला तुमचा रोज हात लागतो, ती आधी टेम्पोत चढवा. जी आमच्यासाठी, पाहुण्यांसाठी किंवा पुढेमागे लागेल म्हणून जपली आहे, ती राहू दे.

बाबा, तुम्ही आधी एक काम करा. आलेखाचा कागद घ्या आणि दोन्ही खोल्या मापात काढा. बाहेरची खोली १० बाय १४ फूट, झोपायची ११ बाय १२. दारं कुठल्या बाजूला उघडतात ते दाखवा, खिडक्या, विजेची बटणं, आणि पलंगाजवळ मदतीला बोलवायची जी घंटा आहे तिची जागा, हे सगळं त्यात येऊ दे. मग घरातल्या एकेका वस्तूचा त्याच मापात पुठ्ठा कापा आणि कागदावर सरकवून बघा. कालव्यांचे नकाशे काढलेल्या हाताला हे अर्ध्या सकाळचं काम आहे. दोन गोष्टी तेवढ्या धरून चाला. चालायच्या वाटेला तीन फूट रुंदी कुठेही कमी पडू द्यायची नाही, आणि झोपायच्या खोलीत पाच फुटांचा एक मोकळा चौकोन राहू द्यायचा. व्हीलचेअर वळवायला तेवढी जागा लागते. आज तुम्ही दोघंही आपल्या पायांवर आहात, तशी वेळ न येवो. पण नंतर हलवाहलव करायला आपल्यातलं कोणी तिथे असेलच असं नाही.

आता पलंग. आई, मी त्याचं माप घेऊन ठेवलं होतं. साडेसहा बाय पाच. खोलीत तो बसतो, दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट राहतात. अडचण उंचीची आहे. गादी धरून तो सव्वीस इंच भरतो. तू कडेला बसतेस तेव्हा तुझे पाय जमिनीला टेकत नाहीत, तू घसरून उतरतेस. गुडघे चांगले होते तेव्हा चाललं. आता रोज पहाटे अंधारात ते उतरणं मला नको वाटतं. सुतार म्हणेल, पाय कापून देतो. ते मात्र करू देऊ नका. त्या कातीव पायांवरच तर त्या शिसवी पलंगाची सगळी शान आहे. एकही खिळा न मारता जोडलेला तो पलंग पणजीबरोबर या घरात आला, त्यावर घरातली किती बाळंतपणं झाली. मिरजेच्या काकूंकडे मी विचारलं आहे. त्यांच्या माडीवर यंदा नवी सून आली आहे आणि तिने स्वतःहून सांगितलं की आम्ही जपू. तो घराण्यातच राहील, आणि त्यावर कोणीतरी रोज झोपेल. पॉलिश करून कोपऱ्यात ठेवण्यापेक्षा मला हे बरं वाटतं. तुझ्या मनाची तयारी नसेल तर पलंग हलणार नाही, मग आपण दुसरी वाट काढू. पण एकदा त्याच्या कडेवर बस, पायांकडे बघ, आणि मग सांग.

त्याच्या जागी माडीवरच्या दोन सागवानी कॉट न्या, माझी आणि दादाची. दोन्ही तीन-तीन फुटी. समोरासमोरच्या भिंतींना लावल्या की मध्ये बरोबर पाच फूट उरतात. शिवाय प्रत्येकाला आपापली उंची मिळते, आणि हे मोठं सुख आहे. अनवाणी बसून जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या लवणीपर्यंत माप घ्या. आईचं सोळाच्या आसपास येईल, बाबांचं अठराच्या. कडेला बसल्यावर कापसाची गादी दबते, त्यामुळे माप गादीवर माणूस बसलेला असताना धरायचं. कमी पडेल तिथे सुताराकडून पायांना लाकडी बैठका करून घ्या. नुसत्या विटा ठेवू नका, सरकतात. आणि बाबा रात्री दोनदा-तीनदा उठतात तेव्हा आईची झोप मोडायची नाही.

बाबा, तुमच्या आरामखुर्चीचं लिहायला हात धजत नाही. मागच्या वर्षी खुब्याचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी काय सांगितलं होतं ते तुम्हाला माहीत आहे. खोल, खाली जाणाऱ्या आसनात बसायचं नाही, गुडघे खुब्याच्या वर जाता कामा नयेत. ती खुर्ची नेमकी तशीच आहे. तिच्यातून उठताना तुम्ही आधी एका अंगावर कलता आणि मग आईला हाक मारता, हे मी दिवाळीत पाहिलं. ती नेऊ नका. सोप्यातली हातांची लाकडी खुर्ची न्या, जिच्यावर बसून तुम्ही वीजबिलं भरता. तिचं आसन बरोबर उंचीचं आहे आणि हातांवर जोर देऊन एकट्याने उठता येतं. पाठीला एक पातळ उशी मी शिवून पाठवते. पेपर वाचायला ती कमी सुखाची आहे, हे मला मान्य आहे.

तुमचं ड्रॉइंगचं टेबल मात्र गेलंच पाहिजे, दादा काही म्हणो. २०१९च्या पुरात ते सोप्यात पूर्ण पाण्याखाली होतं. घरी परतल्यावर सगळीकडे गाळ होता आणि तुम्ही सगळ्यात आधी ते टेबल बाहेर काढलंत. शेजारचे म्हणत होते, उन्हात टाका. तुम्ही टाकू दिलं नाहीत. परसात पत्र्याच्या सावलीत, चारही पायांखाली विटा देऊन, वारा लागेल असं उभं केलंत. ओलं लाकूड उन्हात झपाट्याने सुकलं की वाकतं, तडकतं, हे तुम्ही मला तेव्हा सांगितलंत. दिवाळीपर्यंत ते पुन्हा कामाचं झालं होतं. त्याच खोलीतलं शोकेस, भुसा दाबून केलेल्या बोर्डाचं, पाणी पिऊन फुगलं आणि उचलताना हातात तुकडे आले. दादा जे नवं घ्यायचं म्हणतोय त्यातलं बरंचसं तसल्याच बोर्डाचं असतं. तळेगावला पूर येणार नाही हे खरं, पण फरशी तर रोज ओल्या फडक्याने पुसतात ना.

टेबल बाहेरच्या खोलीत खिडकीशी लावा. त्यावरच जेवता येईल. सहा माणसांचं डायनिंग टेबल आता कशाला? दोन्ही वेळचं जेवण तिथल्या भोजनगृहात आहे, घरी सकाळचा चहा आणि कधीमधी आईला वाटलं तर पिठलं-भात. आम्ही सगळे आलो तर खाली पंगत मांडू, मुलांना तेच आवडतं, आणि मुक्कामाला वसाहतीची पाहुण्यांची खोली आहे. डायनिंग टेबल, सोफा, राहिलेलं कपाट, या कशाचाही विचार करू नका. गरजेच्या घरी देऊन टाका.

आई, तुझं पायमशीन. तू म्हणालीस, अडगळ होईल, राहू दे. अजिबात राहू द्यायचं नाही. त्याला तीन बाय दीड फूट जागा लागते, तेवढी मी माझ्या हिशोबात आधीच धरली आहे. गॅलरीच्या दाराशी ठेव, उजेड डाव्या हाताने येईल असं, म्हणजे शिवताना हाताची सावली टाक्यावर पडणार नाही. पायटा हलका चालत असेल तर गुडघ्यांना थोडी हालचाल होते, ती चांगलीच. दुखायला लागलं तर मोटर बसवून घेऊ. शिवाय, तिथे तुला कोणी ओळखत नाही. पहिल्या आठवड्यात कुणाच्या तरी साडीला फॉल लावायचा असेल, कुणाच्या नातीचा परकर उसवला असेल. आपल्या गल्लीत तुझ्या सगळ्या मैत्रिणी त्या मशीनमुळेच तर झाल्या. तुला तिथे करमेल की नाही याची मला सगळ्यात जास्त काळजी आहे, आणि मला वाटतं, त्यावर या मशीनचा बराच उपयोग होईल.

गोदरेजचं कपाट न्यायचं. भिंतीत कपाटं आहेत तरीही न्यायचं, कारण त्याचा लॉकर अंधारातही तुला उघडता येतो आणि कागद शोधायला बाबांना कुणाला विचारावं लागत नाही. फक्त दोन गोष्टी. त्याची दारं दीड-दीड फूट उघडतात, तेव्हा समोर तीन फूट मोकळे हवेत, नाहीतर एक दार कायम कॉटला आपटत राहील. आणि वरचा कप्पा रिकामा ठेवायचा. त्यात काही असलं की तू स्टूल घेणारच.

देव्हारा अर्थातच येणार. पाटावर बसून पूजा होत नाही, म्हणून तो कमरेच्या उंचीवर ठेवू आणि समोर एक खुर्ची. खुर्चीवर बसून पूजा केली तर देवाला चालेल, हे मी तुला आधीही सांगितलं आहे, पुन्हा सांगते.

सतरंज्या, गालिचे, दारातली गोधडीची पायपुसणी, यातलं एकही फरशीवर नको. पाय अडकतो किंवा कड दुमडते. हवं तर भिंतीवर लावा. कॉटपासून बाथरूमपर्यंत रात्री जळणारे दोन बारके दिवे मी घेऊन ठेवले आहेत.

झोपाळ्याचं मला सुचत नाही. तळेगावच्या स्लॅबला कड्या लावायला परवानगी लागेल, आणि हलत्या झोपाळ्यावरून उठणं बाबांच्या खुब्याला चांगलं नाही. पण दुपारचा चहा तुम्ही दोघांनी इतकी वर्षं त्यावर बसून घेतला आहे, त्यामुळे "राहू दे" हे मला लिहिता येत नाही. याचं तुम्हीच ठरवा. वसाहतीच्या व्हरांड्यात सगळ्यांसाठी बसवून घेतील का, हे मी फोन करून विचारते.

लाकूड गाडीत चढवण्याआधी टेबल आणि कॉट उलट्या करून बघा. पायांशी पिठासारखा भुसा पडत असेल तर आत भुंगा आहे. तो तसाच गेला तर तिथल्या दारांनाही लागेल, तेव्हा औषध इथेच मारून घ्या आणि चार दिवस उघड्यावर ठेवा. वस्तू बांधायला येणाऱ्यांना टेबल आणि देव्हाऱ्याला दोन पदरी गोधड्या गुंडाळायला सांगा. नुसता पुठ्ठा कोपऱ्यांवर फाटतो.

बंब, पिंपं, पितळेची भांडी यांचं पुढच्या पत्रात. बाबा, नकाशा काढून झाला की त्याचा फोटो मला आणि दादाला दोघांनाही पाठवा, म्हणजे त्याच्याशी मी बोलते. आई, गुडघ्याचं माप तेवढं आजच घेऊन कळव. शनिवारी सुतार रिकामा आहे, बैठकांचं लाकूड त्याला आधी आणावं लागेल.

तुमची,
मनी