तुझे तीन योआन्नेस

प्रिय मित्रा,

तू पाठवलेले चर्चच्या जुन्या लॅटिन रजिस्टरचे सगळे फोटो काल रात्री बसून पाहिले, झूम करून करून डोळे दुखायला लागले पण उठवेना. तू म्हणतोस की घराण्यात योआन्नेस, योआन्निस आणि योआन्नेम असे तीन पुरुष दिसतात आणि त्यांचं एकमेकांशी नातं काही लागत नाही. अरे, तिघं नाहीत ते! शाळेत देव शब्द चालवायचो आठवतं ना, देवः, देवम्, देवस्य, तसंच लॅटिनमध्ये नावं चालवतात. योआन्नेस म्हणजे देवः, योआन्नेम म्हणजे देवम् आणि योआन्निस म्हणजे देवस्य. नाव एकच, फक्त विभक्ती बदललीय.

तुझ्या दुसऱ्या फोटोतली ओळ घे. 'बाप्तिझावी याकोबुम, फिलिउम लेगितिमुम योआन्निस एत मारिए', म्हणजे मी बाप्तिस्मा दिला याकोबुसला, योआन्नेस आणि मारिया यांच्या औरस मुलाला. ज्याला बाप्तिस्मा दिला तो द्वितीयेत, आईबाप षष्ठीत, आणि पुढे पात्रीनी म्हणून धर्मपालकांची, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मुलासाठी उभे राहणाऱ्यांची, नावं येतात. एकदा हा साचा डोळ्यात बसला की अक्षर कितीही गिचमिड असो, पुढे कुठला शब्द यायला हवा ते आधीच कळतं आणि मग तोच वाचता येतो. हा साचा उगाच नाही बरं का, १५६३ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मसभेने पाद्र्यांना लग्नाचं रजिस्टर ठेवायला लावलं आणि १६१४ च्या रोमन विधिग्रंथात नोंद कशी लिहायची त्याचे नमुनेच दिले, म्हणून इतक्या वेगवेगळ्या देशांत पाद्री जवळपास एकसारखं लिहिताना दिसतात.

आता मला मनापासून सांगायचंय ते हे, की वंशावळीत याकोबुस असं टाकून मोकळा होऊ नकोस. त्या माणसाला आयुष्यात कुणी याकोबुस म्हणून हाक मारली नसणार, ते पाद्र्याच्या वहीतलं नाव. घरात कुठली भाषा होती त्यावर तो जेम्स असेल, जेकब असेल, फ्रेंच घरात झाक, इटालियन घरात जाकोमो. गुइलिएल्मुस बघून तू चक्रावलास, पण तो साधा विल्यम किंवा विल्हेल्म, लॅटिनला डब्ल्यू नाही म्हणून 'ग' लावून लिहितात. काही जोड्यांमध्ये तर आवाजाचंही साम्य नाही, पोलिश घरातला वोइचेख वहीत आदाल्बेर्तुस होतो, आयरिश घरातला डिअरमिड येरेमिआस होतो. अशी नावं अंदाजाने कळत नाहीत रे, तोच माणूस जनगणनेत किंवा कोर्टाच्या कागदात स्थानिक भाषेत कसा येतो ते शोधावंच लागतं. आडनावांचंही तेच, फाबेर म्हणजे लोहार, तेव्हा घरी तो स्मिथ किंवा श्मिट असू शकतो.

तारखांना जप. ७ चा आकडा आणि त्याला चिकटून 'ब्रिस' दिसलं की तो जुलै नाही, सप्टेंबर, कारण सेप्तेम म्हणजे सात आणि रोमन लोकांचं जुनं वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं. ८ ब्रिस ऑक्टोबर, ९ ब्रिस नोव्हेंबर. माझ्या घराण्याच्या नोंदींत एका बाळाचा बाप्तिस्मा सप्टेंबरात आणि दफन ८ ब्रिसला होतं, मी ते ऑगस्ट धरलं आणि जन्माआधी दफन कसं म्हणून कितीतरी दिवस ती दोन वेगळी मुलं मानत राहिलो. एकच मूल होतं ते, महिनाभर जगलेलं. त्याच ओळीत 'ओब्स्तेत्रिक्स' असा शब्द होता, म्हणजे सुईण, पाद्री येईपर्यंत बाळ जगेल न जगेल म्हणून तिनेच बाप्तिस्मा दिला होता. ते कळलं तेव्हा मी वही मिटून ठेवली, त्या दिवशी पुढे काही वाचलंच नाही.

हां, आणि तुझ्या योआन्नेसचं राहिलंच. सहाव्या फोटोत लग्नाच्या नोंदीत नवऱ्याच्या बापाच्या, म्हणजे योआन्नेसच्या, नावाआधी एक बारीक शब्द आहे, तू तो मधलं नाव म्हणून उतरवलायस. तो 'क्वोन्दाम' आहे, म्हणजे दिवंगत. म्हणजे त्या लग्नाच्या दिवशी बाप हयात नव्हता, मग चार वर्षांनी नवव्या फोटोत धर्मपालक म्हणून उभा असलेला योआन्नेस तो नव्हेच! माझ्या मते तो धाकटा, याकोबुसचा भाऊ असावा. तेव्हा तिघं नाहीत, पण एकच माणूसही नाही, दोघं आहेत.

खात्री करायची तर नवव्या पानाची डावी कड हवी, तुझ्या फोटोत ती कापली गेलीय आणि समासात काहीतरी लिहिलेलं अर्धवट दिसतंय. तेवढा फोटो परत काढून पाठव, उजेड बाजूने पडू दे म्हणजे फिकट शाई उठून दिसेल. मी वाट बघतोय.

तुझाच,
मित्र