अण्णांचे फणस

संगमेश्वर, मंगळवार

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

पत्र हातानं लिहितोय, पण पोस्टात टाकणार नाही. फोटो काढून तुला एकटीला व्हॉट्सॲपवर पाठवीन. जन्मभर लोकांची पत्रं पोचवली आणि स्वतःच्या मुलीचं पत्र पोस्टात टाकायला सवड नाही, अशी वेळ आली. तुझ्या नव्या सिमचा नंबर आधी कुणा अण्णांचा होता, त्यांच्या धाकट्या भावाचे मेसेज आता तुला येतात. त्यांचा रविवारी रात्री तू आपल्या ग्रुपवर टाकलेला तो स्क्रीनशॉट सगळ्यांच्या फोनमधून काढायला दोन-अडीच दिवसच मिळतात, असं शेजारचा पोरगा म्हणाला. तेव्हा आधी तो काढ, मग पुढचं वाच.

काढलास? बरं.

हसलो मीही. खोटं कशाला बोलू. ‘अण्णा, तुझ्या वाटणीचे फणस यंदा एवढे लागलेत की गुरंसुद्धा तोंड लावीनात, ये आणि घेऊन जा.’ आत्यानं तर हसून रडणारे सात चेहरे टाकले. मग मी खालच्या ओळी वाचल्या. ‘मोजणी २२ तारखेला आहे.’ त्याखाली, ‘वाचतोस तर उत्तर का देत नाहीस?’ आणि तू वाचलंस म्हणून त्याच्या फोनवर प्रत्येक ओळीपुढे त्या दोन निळ्या खुणा उमटल्या असणार. रात्री झोप लागली नाही, म्हणून हे पत्र.

तुला माहीत आहे, मी सुरुवातीला ईडी होतो. हल्ली ईडी म्हटलं की लोक दचकतात. तेव्हा ईडी म्हणजे पोस्टातला खात्याबाहेरचा माणूस, ज्याला पुढे ग्रामीण डाक सेवक म्हणायला लागले. दुसऱ्याचं वाचणं हा तर माझ्या कामाचाच भाग होता. म्हाताऱ्या बायका मनिऑर्डरीवर अंगठा उठवायच्या आणि फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर मुंबईहून पोरानं खरडलेल्या दोन ओळी मीच वाचून दाखवायचो. कुणाचा मुलगा दारू पितो, कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, हे मला तिच्या सासूच्या आधी कळायचं. म्हणून मी तुला ‘दुसऱ्याचं वाचू नये’ असलं काही सांगत नाही. नवीन सिमवर मेसेज आला तर माणूस वाचणारच. वाचल्याशिवाय तो आपला नाही हे कळणार तरी कसं?

मला सांगायचंय ते वाचल्यानंतरचं आहे.

१९८४ चा पावसाळा. एका वाडीत एकाच नावाचे, एकाच आडनावाचे दोघे होते. वडलांचं नावसुद्धा एकच. त्यातला एक गिरणी कामगार, ८२ च्या संपानंतर गावी येऊन बसलेला. त्याच्या नावचं एक पाकीट मी दुसऱ्याच्या पडवीत देऊन आलो. पाऊस होता, घाई होती, चूक माझी. त्यानं पाकीट फोडलं. दुसऱ्याच ओळीत त्याला कळलं की हे आपलं नाही, तरी शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाला, उद्या पोस्टमन येईल तेव्हा देऊ. उद्या मी गेलो नाही, वाडीची डाकच नव्हती. परवा त्याला वाटलं, दोन दिवस ठेवलं म्हणतील. मग त्यानं भाताच्या शितांनी पाकीट चिकटवलं, ते आणखीच फोडल्यासारखं दिसायला लागलं. आठव्या दिवशी छत्रीच्या घडीत लपवून त्यानं ते माझ्या हातात कोंबलं. आत नोकरीच्या मुलाखतीचं बोलावणं होतं. तारीख तीन दिवसांपूर्वीच उलटली होती.

गिरणीवाला मला एक शब्द बोलला नाही. पुढेही मला पाणी द्यायचा, सुपारी द्यायचा. फक्त पत्र हातात आलं की ते आधी उलटं करून चिकटवलेली बाजू बघायचा. मरेपर्यंत.

ज्यानं ठेवून घेतलं तो माणूस वाईट नव्हता. पहिल्या दिवशी त्याला नुसतं ‘हे माझं नाही’ एवढंच म्हणायचं होतं. आठव्या दिवशी त्याला कबुली द्यायची होती. तुझे किती दिवस झाले? तू म्हणालीस वीस.

आमच्या वेळी पत्ता चुकण्याचा घोळ जुनाच. एकाच नावाची गावं, चार लिप्या, वाचता न येणारी अक्षरं. त्यावर श्रीराम भिकाजी वेलणकरांनी पिन कोड काढला, १५ ऑगस्ट १९७२ पासून तो सुरू झाला. वेलणकर संस्कृतातले कवीही होते, हे मी तुला शाळेत असताना दहादा सांगितलंय, अकराव्यांदा ऐक. पण सहा आकडे पत्र पोस्टापर्यंत आणतात. पोस्टापासून दारापर्यंत माणूसच लागतो, आणि तो माणूस चुकला तर काय होतं ते वर लिहिलंच. मात्र तोच माणूस दारात उभा राहून कळवूही शकायचा. माणूस तिथं नसेल तर आम्ही पाकिटावर शेरा मारायचो: ‘सोडून गेले’. माणूस असून घेत नसेल तर ‘घेण्यास नकार’. पाठवणाऱ्याचा पत्ता असेल तर पत्र उलट जायचं. नसेल तर आरएलओत, म्हणजे जुन्या लोकांच्या भाषेत डेड लेटर ऑफिसात. तिथल्या नेमलेल्या माणसालाच ते फोडायची मुभा, तीही पत्ता शोधण्यापुरती.

या दोन शेऱ्यांत केवढा फरक आहे बघ. ‘सोडून गेले’ वाचून माणूस दुसरीकडे चौकशी करतो. ‘घेण्यास नकार’ वाचून तो मनाची दारं लावून घेतो. तुझ्या त्या निळ्या खुणा त्या धाकट्या भावाला गेले वीस दिवस ‘घेण्यास नकार’ सांगतायत. अण्णानं वाचलं आणि उत्तर दिलं नाही, असंच तो धरून चाललाय. खरा शेरा ‘सोडून गेले’ असा आहे आणि तो मारू शकणारी आज तू एकटीच आहेस. मोबाईलच्या दहा आकड्यांना पोस्टमन नाही ना.

मी पेपरात वाचलं होतं, दूरसंचार नियामक ट्रायनं २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टात सांगितलं की बंद झालेला नंबर निदान ९० दिवस दुसऱ्या कुणाला देत नाहीत. ९० दिवस! भावाभावांचा अबोला ९० दिवसांत कुठे संपतो? आपल्याकडे बांधावरून एकेक पिढी बोलत नाही.

तर आज त्याला एवढंच लिही: ‘हा नंबर आता अण्णांकडे नाही, माझ्याकडे आहे. तुमचे निरोप त्यांना मिळालेले नाहीत. मी आधीच कळवायला हवं होतं, माफ करा.’ ‘मिळालेले नाहीत’ ही ओळ गाळू नकोस, त्याला तीच हवी आहे. तुझं नाव, पत्ता काही नको. फणसावर विनोद तर मुळीच नको. चिडून काही बोलला तर ऐकून घे. तो तुझ्यावर चिडलेला नसेल. मग ते मेसेज पुसून टाक.

बँकेचे वगैरे अण्णांच्या नावचे मेसेज आले तर त्यातली लिंक दाबू नकोस. आणि कुणी अनोळखी ‘माझा सहा आकडी कोड चुकून तुमच्याकडे आलाय, पाठवा’ म्हणाला तर तो चुकलेला निरोप नव्हे, ती चोरी. तो कोड तुझ्याच व्हॉट्सॲपची किल्ली असतो. तुला हे ठाऊक असेल, पण परवा आपल्या गल्लीतले एक गुरुजी फसता फसता राहिले, म्हणून लिहिलं.

ग्रुपवर आपण बत्तीस जण आहोत. त्यात निम्मे कोकणातले. स्क्रीनशॉटमध्ये गावाचं नाव होतं, भावाचं होतं, मोजणीची तारीख होती. रत्नागिरीच्या काकांनी सोमवारी मला फोन करून विचारलंच, ‘हे आमच्या खालच्या आळीतलं प्रकरण तर नव्हे?’ मी म्हटलं, माहीत नाही. ते काही गप्प बसणारे नव्हेत, तुला ठाऊकच आहे.

इकडे पाऊस अजून नाही. आईचा गुडघा बरा आहे, तेल लावते.

तो भाऊ काय म्हणाला, मोजणीला अण्णा आले की नाही, फणसांचं काय झालं, हे मला कळवू नकोस. मी विचारलं तरी सांगू नकोस. आई विचारेलच, तिलाही नाही.

तुझे
बाबा